मोहाखालची झाडलेली जमीन

अभयारण्यात सगळीकडे घोटाभर पाचोळा; एका मोहाच्या झाडाखाली मात्र जमीन अंगणासारखी लख्ख झाडलेली. तिच्यावर फुलं पडली होती, एकही वेचलेलं नव्हतं.

"हे आमच्या घरचं झाड," जीपमधला कोरकू गाईड म्हणाला. वाघांसाठी त्याचं गाव इथून उठवलं होतं. "फुलं वेचायची म्हणून आई आधी झाडून घ्यायची. आता फूल नेणं गुन्हा."

"मग झाडतं कोण?" मी विचारलं.

त्याचा आवाज खाली आला. "आईच. लपून येते. फुलं नेत नाही, नुसती झाडून जाते."

तेव्हापासून सकाळी खराट्याचा आवाज आला, की मला ती न पाहिलेली म्हातारी दिसते. आपल्याच झाडाखाली, चोरासारखी वाकलेली.