शेपटीतलं इंजिन

फोन आला तेव्हा मी शहादा स्टँडवर नंदुरबारच्या गाडीत बसले होते. मांडीवर भाऊचा धुतलेला सदरा होता, दवाखान्यातून घरी आणताना घालायला म्हणून घेतलेला. भाचा एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले..." गाडी सुटली. उतरावं की बसून राहावं हेही मला कळेना. आज पाच आठवडे झाले, तरी ते कळलेलं नाही.

माझा हा थोरला भाऊ मुंबईच्या विमानतळावर तंत्रज्ञ होता. आमच्या आईने मात्र तो विमान चालवतो असं साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. एकदा सुट्टीत आला तेव्हा तिने त्यालाच विचारलं, "इमान तूच चालाडस ना रे?" भाऊ म्हणाला, "नही माय, मी शेपटीमा काम करस." आईचं तोंड एवढंसं झालं. शेपटीसाठी का एवढं शिकवलं, असंच तिला वाटलं असणार. मीही त्याला पुढे कितीतरी वर्षं "शेपटीवाला" म्हणून चिडवलं. तो चिडायचा नाही, उलट समजावत बसायचा, आणि एकदा समजावायला लागला की त्याला आवरणं कठीण.

विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं. पंखाखालची मोठी इंजिनं बंद असतात तेव्हा विमानातले दिवे, गार हवा, वैमानिकासमोरची यंत्रं, सगळं हे छोटं चालवतं. ते स्वतः बॅटरीवर सुरू होतं. शेपटीपाशी एक झडप उघडते, हवा आत येते, दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं आणि आतलं चाक गरगर फिरायला लागतं. त्या चाकावर जनरेटर फिरतो, त्यातून वीज. शिवाय दाबलेली हवा नळीतून थेट पंखाखाली जाते आणि मोठं इंजिन फिरवून देते. एकदा शहादा स्टँडवरच बंद पडलेल्या एसटीला दहा-बारा जण धक्का देत होते. भाऊ मला म्हणाला, "ते देख, ते मन्हं इंजिन. गाडी चालू व्हयनी का त्यासले कोण इचारस?" मोठी इंजिनं सुरू झाली की छोटं बंद करतात, आणि प्रवाशांना ते होतं हेसुद्धा ठाऊक नसतं. एवढं सांगून तो खूश व्हायचा. मला मात्र त्याचा रागच यायचा, इतकं कमी मागणाऱ्या माणसाचा येतो तसा.

विमान उभं असताना इंधन वाचवायला तळावरून बाहेरच्या विजेची जाड केबल लावतात. ती काढण्याचा एक नियम होता आणि भाऊ तो मंत्रासारखा म्हणायचा. आधी आतलं इंजिन सुरू होऊन त्याने भार उचलला पाहिजे, मगच बाहेरची केबल काढायची. नाहीतर अख्खं विमान अंधारात. तिथल्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून खुणा असतात. डावा तळवा डोक्याच्या वर पालथा धरायचा, उजव्या हाताची बोटं खालून त्याला टेकवायची आणि मग बाजूला न्यायची, म्हणजे केबल काढा. त्या आवाजाने भाऊचा उजवा कान कायमचा गेला. निवृत्त होऊन गावी आल्यावर केळीच्या बागेत या टोकाहून त्या टोकाला आम्ही खुणांनीच बोलायचो. पण केबल काढायच्या या खुणेचा खरा उपयोग व्हायचा पंगतीत. वरण-बट्टीचं जेवण असलं की आमच्याकडे वाढणारे नको म्हटलेलं ऐकत नाहीत. भाऊ लांबून मला ती खूण करायचा आणि मी जाऊन वाढणाऱ्याला अडवायची. "पुरे म्हणतोय तो." लोक हसायचे.

न्यूमोनिया झाला, नंदुरबारच्या एका दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्याच दिवशी घशात नळी घालून श्वासाचं यंत्र लावलं. तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. त्याने मला ओळखलं. हात वर आले, सलाइनच्या नळ्यांसकट. डावा तळवा पालथा, उजवी बोटं खाली टेकलेली... मग उजवा हात हळूच बाजूला. दोनदा केलं त्याने.

सिस्टर धावत आली. "मावशी, बाबा नळी ओढायला बघतायत का?"

मला ठाऊक होतं. त्या खोलीत एकटीला मलाच ठाऊक होतं. पण सांगितलं असतं तर पुढे कोणीतरी विचारलं असतं, मग काय करायचं? मी म्हटलं, "माहीत नाही बाई." तिने कापडी पट्ट्यांनी त्याची दोन्ही मनगटं खाटेला बांधली. नळी निघाली तर जीव जाईल, म्हणाली. तिचं काय चुकलं? मी वाकून भाऊच्या कानात त्याचाच, आधी आतलं मग बाहेरचं, हा नियम सांगितला, "भाऊ, पहिले मझारलं चालू व्हऊ दे, मंग काढसूत." तो माझ्याकडे बघत राहिला. मी उजव्या कानात बोलले होते, हे परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

पुढचे चार दिवस हात बांधलेलेच होते. मी रोज जायची, रोज ती पट्टी बघायची आणि रोज उद्या सांगू म्हणून परत यायची. नळी काढा असं म्हणायची माझी छाती नव्हती, आजही नाही. पण तो नळी ओढत नाही, बोलतोय, एवढं तरी सांगायला काय झालं होतं मला?

परवा धानोऱ्याला शेजाऱ्यांच्या लग्नात जावं लागलं. पंगतीत वाढणारी बाई तिसरी बट्टी घेऊन आली आणि माझे हात आपोआप वर गेले. पालथा तळवा, खाली बोटं. समोरच्या रांगेत ती खूण ओळखणारं कोणी नव्हतं. ती बाई थबकली. "काय व्हयनं आत्या, हात दुखस का?"

"नही माय," मी म्हटलं. "पुरे म्हणस मी."

तिने लगेच बट्टी परत टोपलीत ठेवली आणि पुढच्या पानाकडे गेली.