फुकटचे सिनेमे

“इंग्लिश मीडियमची पोरगी हाय म्हणता, अन् तोंडातून शब्द निघंना,” दुकानदार मामांना म्हणाला. मी समोरच स्टुलावर बसले होते. मलाही दुरुस्तीलाच आणलं असावं, असं तो बोलत होता.

मामा हसले. गंगाखेडच्या स्टँडजवळचं हे दुकान त्यांच्या मित्राचं, म्हणून माझा जुना लॅपटॉप इथं आला होता. अपडेटनंतर तो सुरूच होत नव्हता. आत माझ्या एमएस्सीच्या प्रबंधासाठी घेतलेल्या नोंदी होत्या: ज्वारीच्या ताटांची उंची, कणसांची लांबी, पानांवरचे डाग. पहिल्या रब्बीची नक्कल पेन ड्राइव्हवर होती, दुसऱ्या रब्बीची कुठेच नव्हती. हा मूर्खपणा माझा. त्या नोंदी गेल्या तर पुन्हा पेरणी, पुन्हा मोजणी, एक वर्ष आणखी.

“रिस्टोर मारला की समदं मागं येतंय,” तो म्हणाला. त्याच्या लेखी रिस्टोर म्हणजे अंगारा, कुठल्याही दुखण्याला लावायचा. खरं तर रिस्टोर विंडोजच्या फाइली, ड्रायव्हर आणि सेटिंग तेवढे जुन्या तारखेला नेतो. माझ्या नोंदींशी त्याला काही देणंघेणं नसतं. हे मला माहीत होतं. पण मामांच्या देखत, त्यांच्या मित्राला, त्याच्याच दुकानात शिकवायचं? मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

रिस्टोर दोनदा अडकला. मग त्याने काही न विचारता रीसेट लावला, त्यातही सगळं काढून टाकण्याचा पर्याय. मी वाचेपर्यंत त्याचं बोट पडलंही होतं.

बऱ्याच वेळाने लॅपटॉप सुरू झाला, नवाकोरा आणि अनोळखी.

“झाला का न्हाई?”

“लय डोकं हाय बाबा तुला,” मामा म्हणाले.

मी डॉक्युमेंट्स उघडलं. रिकामं. “माझ्या फाइली?”

“मशीन चालू झालंय ना ताई? फाइली काय, सॉफ्टवेअर हाय आपल्याकडं. काढू की नंतर.”

नंतर, कारण त्याचं महत्त्वाचं काम अजून बाकी होतं. आमच्याकडे दुरुस्त झालेला कॉम्प्युटर मोकळा घरी पाठवत नाहीत. लेकीची ओटी भरावी तशी त्याची डिस्क सिनेमांनी भरतात, फुकट. त्याने स्वतःची डिस्क जोडली आणि भरायला सुरुवात केली.

“साउथचे टाक, हिंदीतले,” मामा म्हणाले. “मारामारीचे.”

माझ्या लॅपटॉपमधल्या जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल लगेच मरत नाही. तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथेच पडून असतं, आणि ह्याचं ते सॉफ्टवेअर तेवढंच उकरून काढू शकतं. एकदा वर लिहिलं गेलं की मग ह्याचं काय, कुणाचंच सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. ज्याच्या हातात ते होतं त्यालाच हे ठाऊक नव्हतं. कॉपीची हिरवी पट्टी पुढे सरकत होती आणि दोन मोठी माणसं तिच्याकडे कौतुकाने बघत होती.

मी स्टुलावरून उठले.

“दादा, कॉपी थांबवा. आत्ताच्या आत्ता. तुमचा एकेक पिक्चर माझ्या ज्वारीवर पडायलाय. मामा, हसू नका. लॅपटॉप बंद करून माझ्याकडं द्या, मी परभणीला डेटा काढणाऱ्याकडं नेते. आणि ते तुमचं सॉफ्टवेअर ह्याच्यात टाकायचं नाही, तेही ज्वारीवरच पडंल.”