हवालदाराचं मागचं चाक

सकाळी ऑफिसात आला की खुर्चीवर बसण्याआधी तो खिडकीपाशी जायचा. बोट जिभेला लावायचा, गजांमधून बाहेर धरायचा आणि सगळ्या शाखेला सांगायचा, "आज हवा आडवी हाये." नाहीतर, "आज समोरून हाये." हवा पाठीमागून आहे असं तो कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. यावरून आम्ही त्याचं नाव हवालदार ठेवलं. त्याला राग आला नाही. पुढे पुढे तो फोनवर स्वतःही तेच नाव सांगू लागला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसच्या नकाशा शाखेत आम्ही दोघं ट्रेसर होतो. इंजिनिअरनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचा, हे आमचं काम. पंखा लावला की कागद उडत, म्हणून ऐन मे महिन्यातही आमचा पंखा बंद असे. वाऱ्याशी वैर असलेल्या माणसाला याहून सोयीची नोकरी मिळाली नसती.

वैर सायकलपायी होतं. दर हिवाळ्यात एका रविवारी अमरावती रोडवर सायकलींची शर्यत व्हायची. वाडीहून निघायचं, गोंडखैरीला वळसा घालायचा आणि परत वाडीला यायचं. सगळ्यांना एकदम सोडत नसत. एकेक जण थोड्या थोड्या वेळानं सुटे आणि शेवटी घड्याळ बघून निकाल लागे. त्यामुळे कोणाच्या पाठीमागे दडून वारा चुकवायची सोय नव्हती. या शर्यतीत पहिला दरवर्षी कोणीतरी नवा असायचा. दुसरा मात्र कायम आमचा हवालदार.

पायात काही कमी नाही, अडवून राहिली ते हवा, असं त्याचं ठाम मत झालं. मग त्यानं हवेला अडकेल असं एकेक काढायला सुरुवात केली. आधी शर्टाची कॉलर गेली. मग डोक्यावरचे केस गेले. आणि एका सोमवारी तो मिशी काढून आला.

आता तुम्हीच सांगा, डोकं तासलेला आणि मिशी काढलेला माणूस समोर आला तर आपण काय समजायचं? हेडक्लार्कनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बिचारा शर्यतीच्याच विचारात होता. "होऊन जाईल हळूहळू," एवढंच म्हणाला. संध्याकाळी आम्ही चार-पाच जण पांढरे शर्ट घालून गोळीबार चौकाजवळच्या त्याच्या घरी भेटायला गेलो. विणकरांची वस्ती. दार त्याच्या वडिलांनीच उघडलं.

"कोण गेलं?" आमचे चेहरे पाहून म्हाताऱ्यानं विचारलं.

हेडक्लार्क सरळ माणूस होता. त्याला खोटं सुचलं नाही. "आपण," तो म्हणाला.

त्या दिवसापासून बापानं पोराशी बोलणं टाकलं. सुनेकरवी निरोप दिला, "मेलेला माणूस बोलत नसते, सांग वं त्याले." म्हाताऱ्याचा मूळ राग मिशीचा नव्हताच. पोरानं हातमाग सोडून सरकारी टेबल धरलं, तो राग जुना होता. मिशीनं फक्त त्याला मुहूर्त दिला. एका खोलीत दोघं जेवायला बसत आणि मीठ कमी आहे हेसुद्धा सुनेमार्फत कळवत. हवालदार हे आम्हाला हसत हसत सांगायचा. पण डबा उघडून तसाच बसून राहायचा, हेही आम्ही पाहत होतो.

मिशी काढूनही तो दुसराच आला. मग त्याची नजर चाकांवर गेली. चाकाच्या तारा फिरताना हवा कापतात, रवीनं ताक घुसळावं तशी घुसळतात, आणि त्यात आपला जोर वाया जातो, असं त्यानं आम्हाला समजावलं. तारा झाकल्या पाहिजेत. त्यानं आधी ट्रेसिंगचा कागद लावला. तो सीताबर्डीपर्यंत पोचायच्या आत फाटला. मग बाजारातून पॉपलिन आणलं, खळ घालून कडक केलं आणि दोन्ही बाजूंनी शिवलं. ते चार दिवसांत सैल पडून फडफडायला लागलं.

म्हातारा मागावर बसून हे सगळं पाहत होता. एके दिवशी सुनेला म्हणाला, "गिरणीचं कापड झोल खाते. सांग त्याले." आणि कोणी न सांगता त्यानं मागावर नवा ताणा लावला. असं दाट कापड ठोकलं की त्यातून दिवा दिसू नये. खळही त्यानंच दिली. दोन्ही चाकं मांडीवर घेऊन काठाकाठानं बारीक टाके घातले, हवा भरायला वॉल्व्हपुरतं भोक ठेवलं आणि चाकं भिंतीला टेकवून ठेवली. बोलला मात्र नाही.

पहिल्याच फेरीला वाडीच्या गोदामांपाशी एक ट्रक शेजारून गेला. त्याच्या झोतानं पुढचं चाक असं काही फिरवलं, की हवालदार संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांच्या ढिगात सापडला. कोपर सोलून निघालं. तेव्हा प्रश्न पडला, की दोन्ही चाकं झाकायची, की एकच? आणि एकच तर कोणतं?

यावर आमच्या शाखेत आठवडाभर दुसरं काम झालं नाही. पुढचंवाले आणि मागचंवाले असे सरळ दोन तट पडले. मी मागच्या बाजूनं होतो. हेडक्लार्क म्हणायचा की वारा आधी पुढच्या चाकाला भेटतो, तेव्हा झाकायचं तर तेच. आजकाल त्याच रस्त्यावर सकाळी कार्बनची काळी चाकं लावलेली पोरं दिसतात, मागचं चाक थाळीसारखं बंद आणि पुढचं उघडं. त्यांच्यात हा वाद होत असेल का, कोण जाणे. हवालदारानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सोललेलं कोपर बघून ठरवलं. ज्या चाकानं वळायचं त्यातून हवा जाऊ द्यायची. ज्यावर आपलं वजन आहे ते झाकायचं. तसा निरोप सुनेमार्फत गेला. म्हाताऱ्यानं पुढच्या चाकाचे टाके स्वतः उसवले. कापडाला ब्लेड लावू दिलं नाही. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलला आणि कापड घडी करून ठेवून दिलं.

शर्यतीच्या सकाळी मी वाडीला गेलो, तर म्हातारा तिथे हजर. धोतर, कोट, टोपी. सुनेला वाडीत काम आहे म्हणून सांगून शहर बसनं आला होता. पोरानं त्याला पाहिलं आणि उगाच हवा भरलेल्या चाकात पुन्हा हवा भरू लागला.

नंबर पुकारला तेव्हा पंचानं ते चाक पाहिलं. सायकलला शीड लावता येत नाही म्हणाला. नियमात कुठे लिहिलंय, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, की असं कोणी करील हे नियम करणाऱ्यांना माहीत नव्हतं. टाके उसवायला वेळ नव्हता. पंचानं खिशातून ब्लेड काढून पुढे केलं.

हवालदारानं ब्लेड घेतलं. कापडावर धरलं आणि तसाच थांबला. मागचे गडी ओरडायला लागले.

म्हातारा पुढे आला. "काप," तो म्हणाला. "कापडच हाये. दुसरं विणून देईन."

कित्येक महिन्यांनी बाप त्याच्याशी बोलला होता. हवालदारानं ब्लेड पंचाला परत दिलं.

"नाही कापत, बा."

पंचानं यादीतलं नाव खोडलं. हवालदार रस्त्याच्या कडेला उभा राहिला, सगळे सुटेपर्यंत थांबला आणि मग सर्वांच्या शेवटी, कोणी न सोडता, आपलाआपणच सुटला. असा वाकून गेला, की सायकलच एकटी चालली आहे असं वाटावं.

तो परत येईपर्यंत यादीतले सगळे पोचले होते आणि पंचांची टेबलं टेम्पोत चढू लागली होती. घड्याळं खिशात गेली होती. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, पण तो सुटला तेव्हा मी म्हाताऱ्याकडे बघत होतो. आधी त्या चाकाचा घुमणारा आवाज आला, मग तो दिसला, आणि दिसला म्हणेपर्यंत पुढे निघून गेला. त्याला किती वेळ लागला, हे त्यामुळे कोणालाच कळलं नाही. तो त्या दिवशी पहिला होता की नेहमीप्रमाणे दुसरा, हे मी आजही सांगू शकत नाही. तो पुन्हा शर्यतीला उतरला नाही. आता तो नाही, तेव्हा विचारायचीही सोय राहिली नाही. पण विचारलं असतं, तरी त्यानं निकालाचं काही सांगितलं नसतं. त्या सकाळबद्दल तो एवढंच म्हणायचा, की बा आला होता.

परत जाताना बसला वेळ होता. त्यानं टॉवेलाची घडी करून सायकलच्या दांड्यावर टाकली आणि म्हाताऱ्याला पुढे बसवलं. मी माझ्या सायकलवर मागे होतो. ऊन वर आलं होतं, वारा नागपूरकडून येत होता, आणि म्हाताऱ्याचा कोट दोन्ही बाजूंना फुगला होता. एका हातानं टोपी धरून तो सारखं काहीतरी बोलत होता. मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. हवालदार मान पुढे काढून, कान बापाच्या तोंडाशी नेऊन, अगदी हळूहळू पायडल मारत होता.