पाच दिवस थांबणारं पत्र

दर वर्षी टीव्हीवर रमजान ईदचा बंदोबस्त दिसला की मला लाखेने सील केलेला एक लोखंडी डबा आठवतो. नोकरीत खुनांचे तपास केले, दरोडे उघडकीला आणले, त्यातलं पुष्कळ आता विसरलो. हा डबा मात्र विसरत नाही, कारण तो जप्त करण्यात चूक माझी होती.

तेव्हा मी अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही. मूर्तिजापूरहून जीपने पाऊण तास, एवढं पुरे. मी मूळचा साताऱ्याकडचा. दारात गेलं की इथली माणसं विचारायची, "काहून आले?" म्हणजे, कशाला आलात? पहिले सहा महिने मला वाटायचं, हाकलूनच देतायत. मग कळलं, हे विचारता विचारता बाई आत चहा ठेवायला गेलेली असते.

शेतीचे फार वाईट दिवस होते ते. ठाण्याचं अकस्मात मृत्यूचं रजिस्टर भराभर भरायचं. मयताच्या घरी जाऊन खबर देण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचं. त्यात भारनियमन. रोज चार-चार तास लाइट नाही, आणि ती कधी जाणार याचं वेळापत्रक ठाण्याच्या भिंतीवर चिकटवलेलं.

एके दिवशी बाजारपेठेतला बियाण्यांचा एक दुकानदार तक्रार घेऊन आला. हातात छापून आणलेला ईमेल होता: "बोगस बियाणं विकलंस. दुकान पेटवून देऊ." मंगळवारी दुपारी तीन चाळीसला आलेला. त्या साली बऱ्याच शिवारांत सोयाबीन उगवलंच नव्हतं, लोक चिडलेले होते, त्यामुळे धमकी खरी वाटण्यासारखी होती. जिल्ह्याच्या सायबर सेलला कळवलं. त्यांचं उत्तर आलं, मेल तुमच्याच गावातल्या एका घरातून सुटला आहे.

योगायोग असा की माझ्या एका खबऱ्यानेही तेच घर सांगितलं. "सायेब, त्या म्हाताऱ्याच्या घरी एक डबा दिवसभर, रातभर चालू असते. लाइट गेली तरी बंद नाई होत. कोनाशी बोलते, अल्ला जाने!" एवढं ऐकल्यावर मी कशाला थांबतोय!

गुरुवारी सकाळी दोन पंच घेऊन गेलो. घर एका निवृत्त तारमास्तरांचं होतं. तारखात्यात सारी हयात घालवलेला, पांढरी दाढी, साधा पायजमा, घरात एकटा माणूस. कोपऱ्यातल्या टेबलावर झाकण काढलेला जुना कॉम्प्युटर घरघरत होता. शेजारी मोडेम, इन्व्हर्टर, आणि खाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पोस्ट ऑफिस हाय, सायेब. घरचं."

मला वाटलं, हा माझी टिंगल करतोय. माझं डोकं तापलं. आधी विचारायचं सोडून मी पंचनामा सुरू केला. बॅटरीसकट सगळं जप्त. स्वतःच्या हाताने मी वायर उपटली आणि डबा गप्प झाला. म्हातारा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "ईद झाल्यावर नेलं त नाई चालनार का?" मी मनात म्हटलं, वा रे, तोवर पुरावा पुसायला मोकळा! ठाण्यात आमच्या मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारबाईंनी डब्याला नंबर दिला आणि तो मुद्देमाल खोलीत ठेवला.

शुक्रवारी त्यांना चौकशीला बोलावलं. माझी पद्धत साधी होती. समोरच्याला बसवायचं आणि आपण गप्प राहायचं. गुन्हेगार असेल तर शांतता त्याला सहन होत नाही, तो बोलायला लागतो. मास्तर बोलेचनात. बोटांवर काहीतरी मोजत बसले.

शेवटी मीच विचारलं, "काय मोजताय?"

"दिवस, सायेब. उद्या ईद झाली त गुरुवारपावतो."

मग त्यांनी मला समजावलं. आपण सगळे ईमेल वापरतो, पण आपली पत्रं पडलेली असतात कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर. मास्तरांचंही तसंच होतं. पाच-सहा महिने खातं उघडलं नाही, तर कंपनीने ते बंद केलं आणि आतली पत्रं गेली. "दुसऱ्याच्या घरी आपली पेटी ठेवली. थो कधी फेकून देईन, आपल्याले थोडीच विचारते!" म्हणून त्यांनी इंटरनेटवर स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला, टेलिफोनवाल्यांकडून घरच्या लाइनवर इंटरनेटचा कायमचा नंबर घेतला आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरलाच टपालघर केलं. हे सगळं त्यांनी आणि त्यांच्या मुलीने मिळून मांडलं होतं.

"मंग कुटं आहे मुलगी?" दारात उभ्या असलेल्या हवालदारबाईंनी विचारलं.

मुलगी नर्स. तिला आखातात नोकरी मिळाली. मास्तर नको म्हणाले, ती गेली. तिचा पहिला फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, या घरात फोन करू नको. तिने पुन्हा केला नाही. "जिद्दी हाय. माह्यावरच गेली." मागच्या ईदला तिचा ईमेल आला होता, दोन ओळींचा. मास्तरांनी तो पाहिला आणि उत्तर दिलं नाही. उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत राहिले. त्यानंतर हिवाळ्यात त्यांची बायको वारली. आता कसला अहंकार? लगोलग मुलीला लिहिलं, पण ते पत्र परत आलं. तिने दवाखाना बदलला होता, जुना पत्ता बंद झाला होता. नवा पत्ता कुणाकडेच नव्हता.

"म्हंजे आईचं तिले मालूमच नाई?" बाईंचा आवाज उतरला.

मास्तरांनी नुसती मान हलवली. "या ईदले लिहीन, नाई लिहीन, कोन जाने. पन लिहिलं त तिच्यापाशी येवढाच पत्ता हाय. आमचं मशीन बंद असलं त चिठ्ठी लगेच वापस नाई जात, सायेब. कवा कवा बॅटरी उतरते, मंग बंद पडतेच ना. चिठ्ठी तिकडेच थांबते, घंट्या-दोन घंट्यानं पुन्हा दार वाजवते. पन पाच दिवस. मंग तिले निरोप जाते, का पत्ता लागला नाई. ते समजीन, बापानं दार लावलं. मंग नाई लिहिनार ते."

मी म्हटलं, डबा इथेच चालू करू. त्यांनी सांगितलं, उपयोग नाही, पत्र त्यांच्या घरच्या टेलिफोन लाइनवरच येणार. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. वायर उपटणारा हात माझाच होता, आणि त्या हाताचं काय करावं हे कळेना.

पण नुसतं वाईट वाटून डबा परत देता येत नाही. गुन्हा दाखल होता आणि मेल त्याच डब्यातून गेला होता. मी विचारलं, "तुमच्या मशीनमधून दुसऱ्या कुणाला पत्र पाठवता येतं का?"

"गावातल्या कोनालेबी," मास्तर म्हणाले. "टपालपेटीत चिठ्ठी टाकाले कुलूप नसते, सायेब. कुलूप काढाले असते."

आयुष्यभर टपाल-तारेत वाढलेला माणूस, त्याने मशीनलाही तोच नियम लावला होता. जाणकारांनी मला नंतर सांगितलं, ही भलतीच घोडचूक. पत्र टाकायच्या फटीलाही कुलूप लावायचं असतं.

शनिवारी ईदच्या बंदोबस्तात गेलो. ईदगाहपाशी लोक गळाभेट घेत होते. मास्तर नमाज पढून आले आणि मला पाहून म्हणाले, "ईद मुबारक, सायेब."

रविवारी पंचांसमोर सील उघडलं आणि मशीनमधली नोंद छापून काढली. इंग्रजी आणि आकडे बघून माझे डोळे फिरले. बाईंनी कागद ओढून घेतला. "अहो सायेब, हे त आपलं आवक-जावक रजिस्टर हाय! कुटून आलं, कवा आलं, कुटं गेलं. लिहिलंच हाय ना ओळीनं." मंगळवार, तीन चाळीस या ओळीवर बोट ठेवून त्या थांबल्या आणि भिंतीवरच्या भारनियमनाच्या वेळापत्रकाकडे पाहू लागल्या.

"मंगळवारी दोन ते सहा गावात लाइटच नव्हती. माह्या ज्वारीचा डबा गिरणीवरून तसाच वापस आला, दळलं नाई म्हनून. मंग हे टाइप केलं कोनं, अन कायच्यावर?"

मास्तरांच्या बॅटरीवर फक्त डबा आणि मोडेम चालायचं, कॉम्प्युटरचा पडदा चालायचा नाही. त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा त्या ओळीतला नंबर पाहून त्यांनी सांगितलं, पत्र टाकणारी लाइन आपल्याच टेलिफोन एक्स्चेंजची. म्हणजे माणूस गावातला, आणि त्याच्याकडे जनरेटर. जनरेटरवर कॉम्प्युटर चालवणारं दुकान आमच्या बाजारात एकच होतं. तक्रारदाराचं.

सोमवारी त्याला बोलावलं. धमकीबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हटलं, "मंगळवारी तुमचा जनरेटर चालू होता?"

"चालूच असते, सायेब."

"मग तीन चाळीसला कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं?"

आणि गप्प राहिलो. त्याने पाणी मागितलं, मग आणखी पाणी मागितलं. दुसरा ग्लास संपायच्या आत सगळं बाहेर आलं. बियाणं न उगवल्याची शेतकऱ्यांची तक्रार मास्तरांनी आपल्या मशीनवरून कृषी कार्यालयाला पाठवली होती. चौकशी येण्याआधी आपणच धमकी सोसणारे ठरलो तर बरं, आणि मास्तरही अडकतील, असा त्याचा डाव होता. टेलिफोन कार्यालयाच्या लेखी उत्तराने पुढे लाइन त्याचीच ठरली. त्याच्यावर रीतसर कारवाई झाली.

आता मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, परत द्यायचा, तर न्यायालयाचा हुकूम हवा. मंगळवारी मास्तरांचा अर्ज आणि माझं ना-हरकत म्हणणं दाखल केलं. बुधवारी पुकारा झाला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पोलिसांनाच मुद्देमाल परत द्यायची एवढी घाई? नवलच!" मी म्हणालो, "साहेब, उद्या एक पत्र परत जाईल." त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिथेच सही केली.

दुपारी अडीचला डबा मास्तरांच्या टेबलावर ठेवला. लाइट गेलेली. त्यांची जुनी बॅटरी आमच्या मुद्देमाल खोलीत पडून पडून मेलेली. घ्या! मी ड्रायव्हरला म्हटलं, "जीपची काढ." सरकारी जीप गल्लीत उभी राहिली आणि तिची बॅटरी टेबलाखाली गेली. डबा घरघरू लागला. पडदा बंदच होता. मास्तर डोळे मिटून, डब्याकडे कान करून बसले. जन्मभर तारयंत्राची कडकट ऐकलेला कान तो. डब्यात मधूनच कुरकुर व्हायची, की ते पुटपुटायचे, "आली एक. आली अजून एक." कुणाची, हे काही कळायचं नाही.

असे आम्ही तिघं साडेतीन तास बसलो. बाईंची ड्यूटी संपली होती, तरी त्या हलल्या नाहीत.

सहाला लाइट आली. मास्तरांनी पडदा लावला. आलेल्या पत्रांची यादी वाचता वाचता ते थांबले आणि उजव्या हाताने त्यांनी टेबलाची कड धरली. पत्र ईदच्या सकाळी निघालेलं होतं. चार दिवस आणि काही तास ते बाहेर उभं होतं.

"ईद मुबारक अब्बा. अम्मी को बोलना, शीरखुर्मा इस बार भी नीचे लग गया. उन की शुगर कैसी है?"

हवालदारबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मास्तर माझ्याकडे वळले. "मौतीच्या तारा जिंदगीभर ठोकल्या म्या, सायेब. हात नाई थरथरला कवा. आता माह्याच्यानं नाई होत. तुमी त लोकायच्या घरी जाऊन सांगता. कसं सांगता?"

मी नोकरीत कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगितलं. "चाचा, मी उंबऱ्यावरून कधीच सांगत नाही. आत जातो. समोरच्याला आधी बसायला लावतो, मी पण बसतो. मग सरळ सांगतो, आणि लगेच उठत नाही. हे पत्रात नका लिहू. तिथे ती उभी असेल, एकटी असेल. तिला फोन करायला सांगा."

त्यांनी एका बोटाने टाइप केलं: "फोन कर. अब्बा."

"घाबरेल ती," मी म्हटलं. "इथे शब्द मोजत नाहीत, चाचा. लिहा की सविस्तर."

मग त्यांनी लिहिलं. चिठ्ठी मिळाली. तेव्हा मी चुकीचं बोललो होतो. घर तुझंच आहे. मागच्या वर्षीची ईद मुबारक राहिली होती, ती पण घे. घरच्या नंबरावर फोन कर, मी इथेच बसलोय.

या तपासात मी काय शिकलो, असं तरुण अधिकारी विचारतात. आवक-जावक रजिस्टर नीट वाचायला आमच्या हवालदारबाईंनी शिकवलं, ते आहेच. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुठलीही वस्तू जप्त करण्याआधी एक प्रश्न विचारत आलो: हे नेलं तर तुमचं काय अडेल? बऱ्याचदा लोक खोटं सांगतात. सांगू देत. ऐकून घ्यायला माझी दोन मिनिटं जायची, एवढंच.

त्या संध्याकाळी मी गल्लीत उभा राहून ड्रायव्हरला जीपला बॅटरी बसवताना बघत होतो. अर्ध्या तासाने आत टेलिफोन वाजला. दुसऱ्या घंटीला तो उचलला गेला. पलीकडून कोण काय बोललं, ते मला कसं ऐकू येणार? मला मास्तरांचंच ऐकू आलं.

"हाँ बेटा, मैं ही हूँ. पहले बैठ जा. कुर्सी ले, बैठ जा. मैं भी बैठा हूँ."