घरचा साबण

प्राण्यांच्या दवाखान्यात नोकरी करणारी आणि कुत्र्यांना भिणारी बाई जगात मी एकटीच असेन. मी काचेपलीकडे बसून नंबर देते. आत टेबलावर जनावर धरून ठेवायचं काम मामांचं. "मामा, पगार नको पण कुत्रा आवरा," असं मी रोज म्हणायचे आणि ते रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

धरणं म्हणजे दाबणं नव्हे. मामा एक हात मानेखाली घालत, दुसरा पोटाशी, आणि आपली हनुवटी त्या जिवाच्या डोक्यावर टेकवत. ओरबाडणारं मांजरही त्यांच्या हातात मऊ पडायचं. मालकांचंच अवघड. शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ आली की बरेचजण रडत बाहेर पळायचे. मला त्यांचा संताप यायचा. मामा मात्र विनवायचे, "अहो, आत थांबा. त्याला तुमचा वास तरी येऊ दे."

संध्याकाळी निघण्याआधी मामांचा एक सोहळा असे. पिशवीतून घरचा साबण काढायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे, शर्ट बदलायचा. "मामा, मुलगी बघायला निघालात की काय?" मी चिडवायचे. मामी गेल्यापासून घरी त्यांची वाट बघणारं एकच कुणी उरलं होतं. आखूड पायांची, काळी कुत्री. मामा तिला बाईसाहेब म्हणत. अंगाला दवाखान्याचा वास आला की बाईसाहेब पलंगाखाली शिरून थरथरत बसायच्या, म्हणून हा सगळा खटाटोप.

म्हातारपणी तिचे डोळे गेले, मग कान गेले. राहिलं फक्त नाक. पुढे किडन्याही गेल्या. डॉक्टरीणबाई घरी जाऊन सलाईन लावायच्या, मामा बोटाने पाणी पाजायचे. शेवटी पोटात पाणीही ठरेना.

"मामा, आता तिचे हाल नकोत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण घरी शीर सापडत नाही हो. टेबलावर, उजेडात आणावी लागेल."

"आणतो. पण ती माझ्याजवळच जायला हवी," मामा म्हणाले. त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

दवाखाना बंद असताना, दुपारी, ते तिला घरच्या चादरीत गुंडाळून घेऊन आले. मी सगळी भीती गिळली आणि म्हटलं, "मामा, मी धरते. तुम्ही नुसते तिच्याजवळ बसा."

"नको गं. परक्या हातात घाबरेल ती."

त्यांनी तिला टेबलावर ठेवलं, चादर खुर्चीवर टाकली. मग खुंटीवरचा एप्रन अंगात घातला, स्पिरिटने हात पुसले आणि तिला धरलं. इतक्या वर्षांची सवय. आम्हा तिघांपैकी कुणाच्याही काही लक्षात आलं नाही.

ती थरथरायला लागली. अंगात जीव नव्हता, तरी त्या हातांतून सुटायला बघत होती. नाक वर करून हुंगत होती, मान वळवून खुर्चीवरच्या चादरीकडे ओढ घेत होती. "मी आहे ना गं, मी आहे," मामा तिच्या बहिऱ्या कानात सांगत होते. डॉक्टरीणबाईंना शीर सापडली. थोड्या वेळाने ती सैल पडली.

"तिकडे कुणाला शोधत होती?" मामांनी विचारलं.

मग त्यांनी स्वतःचा हात नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

एप्रन काढला. पिशवीतून साबण घेतला आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. शर्ट बदलला. मग टेबलापाशी आले, तिच्या नाकापुढे तळहात धरला आणि घरात शिरताना म्हणत असतील तसं म्हणाले, "आलो गं, आलो."