साडभाऊंची राहिलेली वरात

आमच्या साडभाऊंना राग येणार नाही अशी एकही वस्तू अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत अजून तयार झालेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात होते तोवर त्यांचा राग निदान सरकारी वेळेत येत असे. निवृत्त झाल्यापासून त्याला रविवारची सुट्टीही राहिलेली नाही. चौकात कुणाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स दिसलं की ते स्कूटर कडेला घेतात, खालच्या शुभेच्छुकांच्या नावांसकट ते मोठ्यानं वाचून काढतात, आणि शेवटी पानठेल्यावरच्या लोकांना विचारतात, "जन्माले आला, हा याचा पराक्रम हाय का?" एकदा त्यांना दोन वेगवेगळ्या कोचिंग क्लासच्या बोर्डांवर एकाच गुणवंत पोराचा फोटो दिसला. दुसरा कुणी हसून पुढे गेला असता. साडभाऊ दोन्ही क्लासमध्ये गेले आणि हे पोरगं नेमकं कोणाचं, याचा खुलासा मागत बसले. दोन्हीकडे त्यांना चहा मिळाला, खुलासा मिळाला नाही, आणि चहा पांचट होता याचा राग वेगळा आला.

पण त्यांच्या रागाचं खरं माहेरघर म्हणजे लग्नं. नवरदेव क्रेनवरून उतरतो, नवरी धुरातून प्रकट होते, पाहुण्यांना टाळ्या वाजवायचे हुकूम माइकवरून सुटतात. हे सगळं मलाही सहन होत नाही, पण मी ते मनात ठेवून श्रीखंड खातो. साडभाऊंना मन आणि तोंड असे दोन वेगळे अवयव देवानं दिलेले नाहीत. नांदगाव खंडेश्वरच्या एका लग्नात नवरदेव जुन्या राजेशाही मोटारीतून आला. लांब नाक, बाजूला पायदान, पुढे पितळी दिवे. साडभाऊ गर्दीतून वाट काढत गेले, दार ठोठावावं तसं बॉनेटवर बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला, आणि नवरीच्या बापाकडे वळून म्हणाले, "हे तं बादलीचं प्लास्टिक हाय." ते खरंच होतं. एका जीपला वरून जुन्या मोटारीचा मुखवटा चढवला होता. त्या लग्नात आम्ही न जेवता परतलो, आणि माझ्या बायकोनं राग काढला तो माझ्यावर.

जुन्या मोटारींवरच्या या वैराला कारण होतं, आणि ते आमच्या सासरच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, अकोल्यात हायस्कूलला गणित शिकवायचे. थोरल्या मुलीचा नवरदेव मोटारीतूनच मांडवात आला पाहिजे, अशी जन्मात एकदाच त्यांनी हौस केली. अंजनगाव सुर्जीकडच्या एका देशमुखांची पायदानवाली हिरवी मोटार त्यांनी विनवण्या करून मागून आणली. वरात निघाली, बँड लागला, आणि भर बाजारात मोटार जी थांबली ती थांबलीच. आता नवरदेवानं उतरून चार पावलं चालावं, तर तेही शक्य नाही. वरातीत निघालेल्या नवरदेवाचा पाय मांडवाच्या दारात ओवाळल्याशिवाय जमिनीला लागू द्यायचा नाही, असा तिकडचा रिवाज. शेवटी मामाजींनी नवाकोरा कोट काढून भावाच्या हातात दिला आणि स्वतः मागून मोटार ढकलायला लागले. बँडवाले थांबायला तयार नव्हते. अख्खा बाजार पाहत होता. आत मुंडावळ्या बांधून साडभाऊ बसलेले, आणि मागच्या काचेत, ज्यांच्या आता पाया पडायचं ते गृहस्थ घामाघूम.

साडभाऊंनी त्या दिवसापासून सासऱ्यांना माफ केलं नाही. प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला तो विषय निघायचाच. "मामाजीनं माहा तमाशा केला," हे वाक्य मी त्या घरात जावई म्हणून गेलो त्या पहिल्याच जेवणात ऐकलं, आणि पुढे इतक्यांदा ऐकलं की भात आला म्हणजे ते येणार, हे मुलांनाही कळायला लागलं. मामाजी ताटाकडे पाहत मठ्ठ्याचा भुरका घ्यायचे. मला दोघांचाही संताप यायचा: एवढ्या वर्षांत एकानं विसरू नये आणि दुसऱ्यानं एकदाही उलट बोलू नये म्हणजे काय.

मग मामाजी न्हाणीत पडले. हाड जुळलं, पण माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. घराबाहेर जायचं तर कुणीतरी धरून, उचलून न्यावं लागणार, आणि गल्लीनं तसं पाहिलेलं त्यांना चालणार नव्हतं. मामाजींचा मुलगा व्हीलचेअर घेऊन आला. तिच्यावर त्यांनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. बोलणं कमी झालं, जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, यांना एकदा उंबऱ्याबाहेर काढा, नाही तर हे खुर्चीतच विझतील. सगळ्यांनी सांगून पाहिलं, कुणाचंही ऐकलं नाही. तेवढ्यात अधिक महिना लागला आणि मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, आम्हा दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. बायका आदल्या दिवशीच पुढे गेल्या. माझ्या गाडीत मी आणि साडभाऊ, असे सकाळी अमरावतीहून निघालो.

बडनेरा ओलांडेपर्यंत टोलनाका, रस्त्याचं काम आणि माझं गाडी चालवणं, या तिन्हींचा निकाल लागला होता. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशीची पराटी, वर ढग, आणि शेजारी साडभाऊ. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका ढाब्यासमोर त्यांनी एकदम माझा हात धरला. पाहतो तर ओळीनं जुन्या मोटारी उभ्या. काळी, मरून, दुधी, एक तर आगगाडीच्या डब्याएवढी लांब. कुठल्याशा शहरातल्या हौशी लोकांचा तांडा नागपूरहून परत जात होता आणि अकोल्याला मुक्काम करणार होता.

मला ते दृश्य पाहूनच चीड आली. मालकांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, वर भिरभिरणारा ड्रोन, 'वारसा जपूया' असा फलक, आणि गळ्यात मोत्यांच्या माळा घालून झुणका-भाकरीचे फोटो काढणाऱ्या बायका. त्याहून चीड आली ती मागे उभ्या असलेल्या लांबलचक ट्रककडे पाहून. ढाबेवाल्यानं सांगितलं, निम्म्या मोटारी या ट्रकवर चढवूनच आणतात, गाव जवळ आलं की उतरवतात आणि मग हात हलवत गावात शिरतात. म्हणजे वारसा जपायचा, पण फक्त वेशीपासून चौकापर्यंत. आता साडभाऊ यांची सालटी काढणार, या आशेनं मी, खरं सांगतो, आनंदानं त्यांच्या मागे गेलो.

साडभाऊ थेट दुधी रंगाच्या मोटारीपाशी गेले आणि बॉनेटवर ठोकलं. "काका, हात लावू नका," असं कुणीतरी ओरडलं. साडभाऊ कान लावून उभे होते. पत्रा अस्सल होता. मग त्यांनी पायदानावरून हात फिरवला, मागच्या काचेतून आत पाहिलं, आणि टोपीवाल्या मालकाला म्हणाले, "हे माह्या वरातीतली गाडी हाय."

मालक सभ्य होता. हसून म्हणाला, "शक्य नाही काका. ही आमच्या आजोबांपासून आमच्याकडे आहे."

"तुमच्या आजोबानं कोणापासून घेतली, ते तुमाले कसं मालूम?"

मी साडभाऊंची बाही ओढत म्हटलं की तुमची तर हिरवी होती. ते माझ्यावरच उखडले. रंग बदलवता येतो, एवढंही मला इतकी वर्षं शाळेत मास्तरकी करून समजलं नाही का, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. मग पुन्हा मालकाकडे वळले. आवाज तोच भांडणाचा, पण डोळे कुठेतरी पायदानावर.

"माह्या सासऱ्यानं हे गाडी भर बाजारातून ढकलत नेली, अन् मी आत बसून होतो. मले उतरता आलं नाई. एकडाव त्यायले आत बसवाचं हाय. तुमी अकोल्याले जाऊनच राहिले नं?"

इतकी वर्षं मी हे गाऱ्हाणं 'तमाशा केला' इथंच तोडून ऐकत आलो होतो, 'मले उतरता आलं नाई' हे त्याचं खरं शेपूट मला त्या ढाब्यावर कळलं. मालकानं टोपी काढली, जरा वेळ हातात फिरवली, आणि ड्रायव्हरला हाक मारली.

पुढे ड्रायव्हरशेजारी मालकाला घेऊन अकोल्याच्या त्या गल्लीत मोटार शिरली तेव्हा पोरं, कुत्री आणि भाजीवाली, सगळेच मागे लागले. साडभाऊ चपला न काढता घरात घुसले आणि खिडकीजवळच्या खुर्चीसमोर उभे राहून, जणू जुन्या उधळपट्टीचा जाब विचारावा तसे म्हणाले, "मामाजी, तुमची गाडी आणली. चाला."

मामाजींनी खिडकीतून मोटारीकडे पाहिलं. मग टोपी मागितली. आम्ही दोघे दोन बाजूंनी नुसते उभे राहिलो. साडभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून ते आपल्या पायांनी उंबऱ्याबाहेर आले. गादीवर टेकल्यावर समोरचं लाकूड, बाजूची पितळी मूठ चाचपली, आणि मास्तरांनी उत्तरपत्रिका परत करावी तसं म्हणाले, "हे ते नोय. ते हिरवी होती."

"रंग बदलवला, मामाजी."

मामाजींनी मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मोटार कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि घर समोर दिसत असताना दोन उचक्या देऊन थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून बॉनेट उघडलं. ट्रक गल्लीत शिरणं शक्य नव्हतं. मालक ओशाळला. मी साडभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं, कारण ज्वालामुखी नेमका कुठून फुटणार ते आधी कळलेलं बरं. ते शांतपणे घड्याळ काढत होते. धोंड्यासाठी घातलेल्या नव्या शर्टाच्या बाह्या त्यांनी कोपरापर्यंत वर केल्या आणि मागे जाऊन मोटारीला खांदा लावला. मीही लावला. ती इतकी जड असते याची मला कल्पना नव्हती.

काचेतून मामाजींनी मागे वळून पाहिलं आणि दाराची मूठ धरली. "जवाईबुवा, राहू द्या. मी उतरतो."

"उतरू नोका मामाजी," साडभाऊ धापा टाकत म्हणाले. "दारात ओवाळल्याबिगर वरातीतून उतरत नसतेत."

मामाजी हसले. खांदे हलताना मला काचेतून दिसले. दारात मामीजी आम्हा जावयांसाठी तयार केलेलं ताट घेऊन उभ्या होत्या. मोटार उंबऱ्याला लागली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मोटारीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि ताट आधी तिकडे वळवलं. त्या दिवशी भात आला आणि गेला, पण साडभाऊ काही बोलले नाहीत. मामाजींनी मात्र मठ्ठा दुसऱ्यांदा मागितला.

त्यानंतर मामाजी रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे, आणि व्हीलचेअरवरचा गठ्ठा मामीजींनी रद्दीत घातला. हे थंडीपर्यंत चाललं. एका पहाटे ते झोपेतच गेले.

साडभाऊ आजही फ्लेक्स मोठ्यानं वाचतात, लग्नांत न जेवता परततात, आणि माझ्या गाडी चालवण्याबद्दल त्यांचं मत होतं तेच आहे. फक्त मूर्तिजापूरच्या अलीकडे तो ढाबा आला की त्यांचं भांडण मध्येच तुटतं. मोकळ्या जागेकडे पाहून ते दर वेळी तेच सांगतात, की त्या लोकांनी रंग बदलवला होता. दुसऱ्याचं खोटं मोठेपण मला सहन होत नाही आणि माझी खात्री आहे की ती मोटार वेगळी होती. पण अलीकडे मी गाडीचा वेग जरा कमी करतो आणि म्हणतो, हो, खालून हिरवीच होती.