पोटरीतला गोळा

आमच्या घरी झोप म्हणून कोणालेच नाही, बाप्पा. मले म्हातारपणानं नाही, नात प्रणालीले येणाऱ्या बारावीच्या अभ्यासानं नाही, अन् सून चंदा, तिले तं पायानं नाही. डोळा लागला न लागला की तिच्या पोटरीत गोळा येते. "माय वो!" करून उठून बसते, पाय धरते, अन् मंग उशीत तोंड खुपसून रडते. तिले वाटते आमाले ऐकू येत नाही. अवो, दोन खोल्यांचं घर, मधात एक पडदा. ऐकू न याले मी काय बहिरी आहो?

माहा लेक मनोज कोरोनात गेला. तवापासून हे घर चंदाच्या पगारावर चालते. ती दर्यापूरकडची, शेतकऱ्याची पोरगी. सासरी आली तवा कापसाच्या वेचणीत तिचा हात धरणारी बाई नोयती. पण अमरावतीले वेचणी कुठची? राजापेठेत कपड्याचं मोठं शोरूम आहे, तिथं ती ड्रेसच्या काउंटरवर उभी राहते. सकाळी डबा घेऊन जाते तं रात्री दुकान वाढवूनच येते. उभी राहते म्हणजे उभीच. गिऱ्हाईक असो का नसो, बसायले स्टूल नाही. मालक खुशालरावाचं म्हणणं असं का बसलेली बाई दिसली तं गिऱ्हाइकाले वाटते दुकान झोपलं. सोता मात्र गादीच्या खुर्चीवर, गल्ल्यामागं, पंख्याखाली.

चंदा बोलत नाही. हा तिचा गुण म्हणा का अवगुण. मनोज गेला तवा गल्लीतल्या बाया म्हणे, काय पोरगी आहे, डोळ्यातून टिपूस नाही. टिपूस होतं, पण थे ती मोरीत नळ सोडून गाळे. तिले दुखलं तं ती सांगणार नाही, भूक लागली तं मागणार नाही. मी मात्र उलटी. माह्या पोटात गोष्ट राहत नाही अन् तोंडाले कुलूप नाही. मनोज म्हणे, आई, तुमी दोघी मिळून एक बरोबर बाई होता.

पहिल्या वेळी तिच्या पायात गोळा आला तवा मी धावली अन् तिचा पाय धरला. तं ही पोरगी पाय मागं ओढे! तिकडं कळवळून राहिली अन् म्हणते काय, "आई, नका वो, पायाले हात नका लावू तुमी." आपल्यात रीत अशी का सुनेनं सासूचे पाय दाबाव. सासूनं सुनेच्या पायाले हात लावला तं म्हणे पाप. मले असा राग आला. "पाप लागन तं मले लागन, तुले काय करा लागते? सरक तिकडं!" पण धरूनही काय फायदा, मी आपली पोटरी चोळत बसली, अन् पोटरी लाकडावानी कडक. चोळून चोळून माहे हात दुखले, तिचा गोळा काही उतरला नाही.

मंग सुरू झाले उपाय. तिळाचं तेल झालं. पायाले काळा दोरा झाला. गादीखाली विळा ठेवला, लोखंडानं गोळा येत नाही म्हणते. शेजारची मैना म्हणे, केळं खाऊ घाला. केळं घातलं. कोणी म्हणे कूलरची हवा सरळ पायावर येते म्हणून होते, तं कूलर फिरवला, मंग प्रणाली उकाड्यानं तळमळली अन् आमच्या दोघींत भांडण झालं. एप्रिलातली अमरावती, भिंतीले हात लावला तं चटका बसते, अन् मी माय सुनेच्या पायावर गोधडी टाकून बसली! काय करता, अक्कल चालत नाही झोप नसली म्हणजे.

शेवटी तिले ओढून महानगरपालिकेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण पोरसवदाच होती, पण जिवाची चांगली. पाय दाबून पाहिले, सूज आहे काय विचारलं, रक्त तपासलं. रक्तात काही खोट निघाली नाही. म्हणे, "कधी कधी याचं कारण सापडत नाही. पण दिवसभर उभं राहणं, थकवा, पाणी कमी पिणं, यानं होऊ शकते." मंग मले समजावून सांगतलं. गोळा आला तं आधी चोळत बसू नका, गुडघा सरळ करा अन् पायाची बोटं हळूहळू तोंडाकडं ओढा. होत असलं तं उठून टाच जमिनीवर टेकवून उभं राहा. गोळा उतरला का मंग चोळा, गरम पाण्यानं शेका. अन् रोज झोपायच्या आधी भिंतीले हात लावून, एक पाय मागं, टाच न उचलता पोटरी ताणायची. पायावर जड पांघरूण नको. सूज आली, पाय लुळा वाटला तं लगेच या. इतकं सारं सांगून तिनं चंदाले विचारलं, "पाणी किती पिता?"

"भरपूर पेते," चंदा म्हणाली. खाली मान घालून.

तवापासून रोज रात्री आमच्या घरी भिंत ढकलणं सुरू झालं. चंदा भिंतीले हात लावून उभी, तिच्या बाजूले प्रणाली, अन् मीही. मैनानं खिडकीतून पाहिलं तं म्हणे, "काय वो भागीरथाबाई, घर पाडता काय?" मी म्हटलं, "तुहं पाडू मंग, ये." पण खरं सांगतो, फरक पडला. बोटं ओढली का गोळा लवकर उतरे. येणं मात्र बंद झालं नाही. दुखणं हत्तीच्या पायानं येते अन् मुंगीच्या पायानं जाते म्हणून मी मनाले समजावलं. चंदाचं तोंड दिवसेंदिवस उतरून राहिलं होतं. सकाळी वेणी घालता घालता ती बसल्या जागी डुलक्या घे. मले धास्ती एकच, हिनं हात टेकले तं पोरीची बारावी कोण करन? म्हातारीले कोण काम देते?

लग्नसराई लागली अन् जे नोको होतं थेच झालं. दुपारी फोन आला. चंदाच्या बाजूच्या काउंटरवर दीपमाला म्हणून पोरगी आहे, बडनेऱ्याहून येते, तिचा. "मावशी, लवकर या. चंदाबाईच्या पायात गोळा आला, गिऱ्हाइकासमोरच खाली बसल्या."

मी ऑटो केला. गेली तं काय, दुकान गच्च. कोणाचा तरी लग्नाचा बस्ता चालू, पंधरा-वीस माणसं, ड्रेसचे ढीग. अन् त्या ढिगामागं माही चंदा जमिनीवर, पाय लांब करून. मी तिचा गुडघा सरळ केला, बोटं ओढली. दीपमालानं पाठीले टेका देल्ला. गोळा उतरला. खुशालराव गल्ल्यावरूनच म्हणते, "भागीरथाबाई, तब्येत झेपत नसन तं सीझनभर घरी ठेवा सुनेले. आमाले दुसरी बाई पाहता येईन." तोंडावर आलेली शिवी मी गिळली.

दीपमालानं पाण्याचा गिलास आणला. चंदानं ओठ ओले केले अन् गिलास खाली ठेवला. ओठ फुटलेले, घामानं ब्लाउज चिकटलेला, अन् पाणी नाही पेत!

"पी ना वो," मी म्हटलं.

"नोको, आई."

"काऊन नोको?"

ती हळूच म्हणाली, "पेलं का मंग जा लागते."

मले आधी समजलंच नाही. कुठं जा लागते? दीपमालानं डोळ्यानं गल्ल्याकडं दाखवलं. खुशालरावाच्या मागं खिळ्याले एक चावी टांगलेली. संडासाची. गिऱ्हाइकं जाऊन घाण करतात म्हणून कुलूप. बाईले जायचं असलं तं साऱ्या गिऱ्हाइकातून गल्ल्यापाशी जायचं, अन् मालकाले म्हणायचं, चावी द्या. माणसांचं बरं, थे मागच्या गल्लीत जाऊन येतात. बायाईनं काय कराव? म्हणून सकाळी घरून निघतानापासून पाणी बंद. या उन्हात. कितीक वर्षांपासून. अन् डॉक्टरणीले म्हणे, भरपूर पेते!

मले रडू आलं का राग आला, सांगता येत नाही. तोंड दाबून बुक्क्याचा मार, दुसरं काय? मी उठली, गल्ल्यापाशी गेली अन् चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "खुशालराव, मले संडासले जा लागते. चावी द्या."

नवरीची माय माह्याकडं पाहे. खुशालरावाचे कान लाल झाले. त्यानं चावी काढून देल्ली. मी ती हातात धरून काउंटरवरच्या पोरीईले म्हटलं, "चला वो, कोणाले या लागते?" एकही हलली नाही. साऱ्या कपड्याच्या घड्या करून राहिल्या. चंदानं तं डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर ती पहिल्यांदा माह्यावर ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुमाले काय, आई! तुमी बोलून मोकळ्या. उद्या मलेच तिथं उभं राहा लागते. काढलं मले तं? प्रणालीचं काय? माह्यासाठी भांडा म्हणून मी म्हटलं होतं काय तुमाले?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तिचं म्हणणं खरंच होतं. प्रणालीनं पुस्तक मिटलं अन् मायच्या बाजूले जाऊन बसली. त्या दिवशी आमच्याकडं कोणी जेवलं नाही.

सकाळी चंदा डबा घेऊन गेली. मी दिवसभर दारात. फोन वाजला का मले वाटे, आता आलं बोलावणं, न्या तुमच्या सुनेले. संध्याकाळ झाली, रात्र झाली, तवा ती आली. चप्पल काढली, भिंतीले टेकून खाली बसली.

"काढलं काय वो?" मी विचारलं.

"नाही."

"मंग?"

"चावी मागितली मी." ती म्हणाली. "कालच्यासारखाच बस्ता चालू होता. मालकानं वर नाही पाहिलं, चावी काचेवर सरकवली फक्त. मी संडासातून निघाली तं दीपमाला दारात उभी. तिच्या मागं साड्यांवरची प्रतीक्षा. मंग साऱ्याच आल्या."

तिथं, संडासाच्या दारात, त्या पोरी बोलल्या. दीपमाला रात्री पोटरीले ओढणी आवळून झोपते. प्रतीक्षाचा नवरा म्हणते नाटक करते, म्हणून ती मोरीत जाऊन उभी राहते, गोळा उतरेपर्यंत. एकीले तिच्या सासूनं मांत्रिकाकडं नेलं होतं.

"सगळ्याईच्याच पायात गोळे येतात, आई," चंदा म्हणाली. "इतके वर्ष बाजूबाजूले उभ्या राहिलो, अन् जी ती समजे का आपल्यातच काही खोट आहे."

आपापल्या घरी अंधारात एकट्या उठून बसणाऱ्या त्या साऱ्या लेकी माह्या डोळ्यासमोर आल्या, सकाळी पुन्हा हसत एकमेकीच्या बाजूले उभ्या राहणाऱ्या. आग लागो असल्या लाजेले.